वापरलेला डोळा

जुनी वस्तू विकत घेण्यात आमच्या घराण्यात कोणी कधी कमीपणा मानला नाही. वाईच्या घरातले शिसवी कपाट लिलावातले होते. दिवाणखान्यातील घड्याळ कोणा मामलेदाराने बदलीच्या वेळी विकून टाकलेले होते. आणि ज्यांच्या आधाराने आम्ही पदवीधर झालो ती बहुतेक इंग्रजी पुस्तके पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, आधीच्या मालकाच्या नावानिशी व त्याच्या समासातील टिपांसह, आम्ही घेतलेली होती. त्यामुळे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी एक वापरलेला कॅमेरा घ्यावयाचे मनात आले, तेव्हा आम्हाला संकोच वाटला तो वस्तू जुनी म्हणून नव्हे. त्या विषयातले आम्हाला काहीच कळत नव्हते म्हणून. जुने पुस्तक घेताना पाने मोजून पाहता येतात. कॅमेऱ्याचे काय मोजावे?

या उद्योगात आम्ही पडलो याचे कारण आमची आत्या. ती नव्वदीची असून चार वर्षांपासून विश्रांतवाडीस आमच्याकडेच राहते. तिचे कान शाबूत आहेत, स्मरण आमच्याहून बरे आहे; मात्र दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे. समोर पाहिले की मधोमध करडा डाग दिसतो आणि जे पाहावयाचे तेच नेमके त्या डागाखाली जाते. कडेचे मात्र दिसते. म्हणून ती आमच्याशी बोलताना मान किंचित तिरकी करून आमच्या कानाकडे पाहते, आणि नवख्या माणसाला वाटते की हिचे आपल्या बोलण्याकडे लक्ष नाही. चष्म्याने यात सुधारणा होणार नाही, अक्षर खूप मोठे करून दाखवले तर वाचता येईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

गेल्या वर्षी वाईचे घर विकले गेले आणि माळ्यावरून एक रुमाल निघाला. आत आजोबांच्या कीर्दी होत्या. काही कसरीने खाल्लेल्या, काही ओलीने एकमेकींस चिकटलेल्या, साऱ्या मोडीत लिहिलेल्या. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवीत तीस वर्षे घालवली, पण आजोबांचा बाजारहिशेब आम्हाला वाचता येईना. आत्या मोडी शाळेत शिकलेली. म्हणजे घरात मोडी वाचू शकणारे माणूस एकच, आणि नेमके त्यालाच दिसत नाही, असा हा पेच होता.

मोडीचे जाणकार पुण्यात आजही आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडून वाचून घ्यावे असे आम्ही सुचवून पाहिले. आत्या म्हणाली, "दुसऱ्याकडून कशाला? माझ्या वडिलांचं अक्षर मला कळतं. तू फक्त मोठं करून दे."

१९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. राजवाड्यांसारखी माणसे दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करीत. पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्या कागदांना विचारणारे विद्वान होते. आमच्या रुमालात ना लढाई ना तह. तूरडाळ, रॉकेल आणि न्हाव्याचे पैसे. त्याची वास्तपुस्त आम्हीच केली तर होणार होती, आणि तीही आत्या आहे तोवर.

मोबाइल काय वाईट आहे, असे आमच्या सौ.नी विचारले. प्रयोग करून पाहिला. चित्र चटकन निघाले आणि दिसलेही छान. पण मोबाइलला स्वतःची अक्कल चालवण्याची खोड असते. फिकट ते गडद करावे, खरखरीत ते गुळगुळीत करावे, असे त्याचे शिक्षण. मोडीत शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नसतो, आणि लेखणी न उचलता ओळ पुढे जाते. तेथे एखादा फिकट फाटा पुसला गेला की अर्थच बदलतो. कागदाच्या कोपऱ्यात तर अक्षरे पातळ डाळीसारखी पसरली होती. सपाट पेटीचा स्कॅनर घ्यावा तर जीर्ण कीर्द उलटी करून काचेवर दाबावी लागते. तशी दाबली असती तर शिवण उसवली असती. तेव्हा वरून टिपणारा चांगला कॅमेरा आणि चांगले भिंग याला पर्याय उरला नाही. नव्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून वापरलेला.

प्रथम आम्ही आकड्यांच्या मागे लागलो. अलीकडच्या कॅमेऱ्यांत आरसा नसतो. भिंगातून आलेला प्रकाश थेट संवेदकावर पडतो आणि तेथे तयार झालेले चित्रच आपण डोळ्याला लावून पाहतो. याला बाजारात मिररलेस म्हणतात. या जातीचा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ साली आणला. २०१३ साली सोनीने जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा संवेदक बसवलेले दोन कॅमेरे काढले. २०१८ साली निकॉन आणि कॅनन त्या आकारात उतरले. त्यांतले २४, ४२, ४५, ६१ हे आकडे म्हणजे चित्रात किती दशलक्ष बिंदू असतात त्यांची मोजदाद. आमचे चिरंजीव अभियंते आहेत. त्यांचे मत ६१ च्या बाजूने पडले. अधिक ते अधिकच, असे त्यांचे शास्त्र.

एका रविवारी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि साहित्याच्या प्राध्यापकाला झेपेल इतकेच गणित केले. बिंदूंची संख्या ही क्षेत्रफळाची मोजदाद आहे. अक्षराची उंची ही लांबीची. ४२ दशलक्षांच्या कॅमेऱ्यात लांब बाजूस ७९५२ बिंदू असतात, ६१ दशलक्षांच्यात ९५०४. म्हणजे जाहिरातीतला आकडा जवळजवळ दीडपट झाला तरी अक्षराची उंची वाढते ती जेमतेम पाचव्या हिश्श्याने! आमच्या कीर्दीचे पान १३ इंच उंच आहे. ४२ वाल्याने टिपले तर इंचाला सुमारे ६११ बिंदू पडतात आणि ४ मिलिमीटर उंचीचे अक्षर ९६ बिंदूंचे होते. आमच्या दिवाणखान्यातील ५५ इंची दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर, बिंदूस बिंदू लावून दाखवले, तर त्याची उंची तीन सेंटीमीटर भरते. २४ वाल्यात ती सव्वादोनच्या आसपास राहते, ६१ वाल्यात साडेतीनच्या थोडी पुढे जाते. अक्षर ताणून याहून मोठे करता येतेच; पण ताणल्याने त्यात नवे काही येत नाही, जे आहे तेच विरते.

मग आम्ही पुठ्ठ्यांवर जाड शाईने निरनिराळ्या उंचीची मोडी अक्षरे काढली. ती कशी काढावी हेही आत्यानेच हवेत बोट फिरवून शिकवले. नंतर एकेक पुठ्ठा पडद्याजवळ धरून तिला विचारीत गेलो. दोन सेंटीमीटरला ती अडखळली. तीनला तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, "हा क. आणि ळ चुकलाय तुझा." आमचा निर्णय त्या क्षणी झाला. इतके दिवस आम्ही कॅमेऱ्यात किती मावते ते पाहत होतो. पाहावयाचे होते ते आत्याच्या डोळ्यात किती मावते हे.

कॅमेऱ्याचा आकडा ठरला, पण भिंगाचे प्रकरण निराळे. येथे आम्ही एकदा फसलो, ते सांगून टाकावे. एका गृहस्थांकडून आम्ही एक जुने भिंग घेतले. चामड्याच्या सुंदर डबीत ठेवलेले, बाहेरून निर्मळ, किंमत माफक. घरी आणून रात्री विजेरीचा झोत मागून पाडला तर आत कोळिष्टकासारखी तंतूंची जाळी! ती बुरशी होती. आमच्याकडील पावसाळ्याची हवा तिला मानवते, आणि चामडे ओल धरून ठेवते. त्या सुंदर डबीनेच भिंगाचा घात केला होता. बुधवार पेठेतील एका वृद्ध कारागिराने ते उघडून पुसून दिले. तंतू गेले, काचेवरील लेपावर त्यांनी खाल्लेल्या खुणा राहिल्या. कारागीर म्हणाला, "साहेब, दिवसा उजेडात भिंगातून पाहू नये. अंधारात भिंगाकडे पाहावं." आम्ही हे वाक्य वहीत लिहून ठेवले. आता आमच्या घरी भिंगे हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह राहतात, आणि सौ.चे पापड त्यांच्या शेजारच्या डब्यात असतात.

कोणते भिंग कोणत्या कॅमेऱ्यास बसते, याचे मर्म एका अंतरात आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी भिंग जेथे टेकते, तेथून संवेदकापर्यंतचे हे अंतर. निकॉनच्या १९५९ पासूनच्या घडणीत ते साडेशेहेचाळीस मिलिमीटर आहे, कारण मध्ये आरशाला जागा लागे. आरसा गेल्यावर अंतर आखूड झाले: सोनीत १८, निकॉनच्या नव्या घडणीत १६, कॅननच्या नव्या घडणीत २०. तेव्हा जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसवायचे तर उरलेल्या अंतराइतके पोकळ कडे मध्ये घातले की झाले. निकॉनच्या जुन्या भिंगास सोनीवर साडेअठ्ठावीस मिलिमीटरचे. उलट करता येत नाही. थोरल्या भावाचा सदरा बाह्या दुमडून धाकट्यास घालता येतो. धाकट्याचा थोरल्यास येत नाही, तसेच हे. मात्र साधे कडे म्हणजे नुसते अंतर. त्यातून कॅमेरा भिंगाशी बोलत नाही. आपोआप नेम धरणे वगैरे सोयी गेल्या. आम्हाला त्या नको होत्या. कीर्द पळून जात नाही.

शेवटी आम्ही घेतले ते निकॉनचे ५५ मिलिमीटरचे मायक्रो-निक्कोर, १९७९ साली निघालेल्या घडणीचे. त्याच्या वंशाची हकीकत वाचली तेव्हा आमचा ओढा पक्का झाला. लहान फिल्मवर ग्रंथ व कागदपत्रे टिपून ठेवण्याची युक्ती पाश्चात्त्य देशांत रूढ झाली ती रोमन लिपीच्या बेतावर. जपानात तीच युक्ती करू जाता तेथील कांजी अक्षरांतील दाट रेघा एकमेकींत मिसळू लागल्या. त्या अक्षरांना पुरेल इतके तीक्ष्ण भिंग हवे, या गरजेतून १९५६ साली पहिले मायक्रो-निक्कोर तयार झाले. पौर्वात्य लिपीसाठी जन्मलेले भिंग मोडीच्या कामी यावे, हा योग आम्हाला मोठा मनोहर वाटला. शिवाय अशा भिंगाचा गुण असा की, सपाट पानाचे कोपरे ते मध्यासारखेच टिपते. जिचे सारे पाहणे कडेनेच चालते, तिच्यासाठी घेतलेल्या भिंगाच्या कडा अधू असून कसे चालेल?

कॅमेरा मिळाला तो आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून. लग्नसमारंभांची चित्रे घेण्याचा त्याचा व्यवसाय होता. आता तो सोडून नोकरी धरणार होता. आळंदी रस्त्यालगतच्या आमच्या घरी तो कॅमेरा घेऊन आला. २०१७ सालचा सोनी ए७आर, तिसरी आवृत्ती. अंगावर ओरखडे, कोपऱ्यांचा काळा रंग उडून खालचा धातू चमकत होता. आम्ही वहीतील यादीप्रमाणे परीक्षा सुरू केली. भिंगाचे छिद्र बारीक करून पांढऱ्या भिंतीचे चित्र घेतले. संवेदकावर धूळ वा ओरखडा असेल तर त्यात काळा ठिपका दिसतो. भिंगावर टोपण घालून अर्धा मिनिट चित्र घेतले. बिघडलेले बिंदू असतील तर त्या काळोखात ते चांदण्यांसारखे उमटतात. भिंग बसवून हलवून पाहिले, की तोंडाशी खेळ आहे का. मूळ पावतीवरील क्रमांक अंगावरील क्रमांकाशी ताडला, कारण जुना बाजार म्हटला की चोरीच्या मालाची शंका घेतलीच पाहिजे.

शेवटी झडपेची उघडझाप किती झाली ते पाहिले. १ लाख १२ हजार. कंपनीने अशा झडपेचे आयुष्य सुमारे ५ लाख सांगितले आहे, तेव्हा चिंतेचे कारण नव्हते. पण तो आकडा पाहून आम्ही थोडा वेळ गप्प झालो. किती अंतरपाट दूर होताना या डोळ्याने पाहिले असतील!

"का विकतोस?" आम्ही विचारले.

"सर, वडिलांची फिरती नोकरी संपली, त्यांना आता रोज दवाखान्यात न्यावं लागतं. लग्नाच्या तिथी आपल्या सोयीनं येत नाहीत."

आम्ही घासाघीस करण्याच्या तयारीने बसलो होतो. पाच हजार कमी करावयाचे असे सौ.नी बजावलेही होते. त्याने सांगितला तोच आकडा आम्ही मान्य केला, आणि स्वयंपाकघरातून कपबशा किंचित मोठ्याने वाजल्याचे ऐकले. त्याने कॅमेऱ्याच्या आठवणीतील सगळी चित्रे पुसली, पट्टा काढून स्वतःकडे ठेवला, आणि जाताना विचारले, "सर, कशासाठी घेताय?" आम्ही रुमाल दाखवला. तो पुढे दोन रविवार येऊन दिवे कसे लावावे ते शिकवून गेला: दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत, म्हणजे शाई चमकत नाही, छिद्र आठावर, कारण त्याहून फार बारीक केले तर प्रकाशच पसरतो आणि इतके बिंदू घेतल्याचा उपयोग राहत नाही.

यानंतर अडथळा आला तो आमच्या वस्तीचा. विश्रांतवाडी हे नाव ज्याने ठेवले त्याच्या काळी लोहगावी विमानतळ नसावा. लढाऊ विमान डोक्यावरून गेले की आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. या संवेदकाचा एक बिंदू सुमारे साडेचार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी साडेचार. कागदावर ते अंतर चाळीस मायक्रॉन भरते. केसाच्या जाडीहून कमी. तेवढेही हलले की अक्षर दुहेरी! या कॅमेऱ्यात आणखी एक युक्ती आहे. एरवी प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग पाहतो आणि बाकीचे शेजाऱ्यांवरून अनुमानतो. येथे संवेदक एकेक बिंदू सरकवून चार चित्रे घेता येतात, आणि प्रत्येक बिंदूस सारे रंग खरे मिळतात. पण त्या चारही चित्रांत काहीही हलता कामा नये. तेव्हा आम्ही पहाटे चारला उठू लागलो. रस्त्यावर वाहने नाहीत, आकाशात विमान नाही, अशी फट साधून श्वास रोखावा, आणि चार चित्रे घ्यावीत. ज्येष्ठात आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी आमच्या भागातून पुण्यात गेली, तो सबंध दिवस कॅमेरा डब्यात राहिला. इतकी पावले चालत असताना कोणी श्वास रोखून बसावे?

अशी शंभरावर पाने झाली, आणि एका दुपारी आम्ही ती पडद्यावर लावली. आत्या खुर्ची पुढे ओढून, मान तिरकी करून, पडद्याच्या कडेकडे पाहत बसली. पहिल्या ओळीस तिला पाच मिनिटे लागली. मग वेग आला. "तूरडाळ... गूळ... देवाला फुलं..." ती मोठ्याने वाचत होती आणि आम्ही लिहून घेत होतो. दरमहा एक नोंद ठरलेली: "चि. ताईची फी." ताई म्हणजे आत्याच. ती तेव्हा इंग्रजी दुसरीत होती.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्याची शाळा मध्येच सुटली. का सुटली हे ती आम्हाला लहानपणापासून एकाच वाक्यात सांगत आली होती: "मुलीला शिकवून काय करायचं, असं वडिलांना वाटलं." त्यात राग दिसत नसे, पण आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी ती जेवणानंतर कोणाशी बोलत नसे, हे आम्ही पाहिले आहे.

शके १८६८ च्या, म्हणजे १९४६ सालच्या, मार्गशीर्षात फीची नोंद आली नाही. त्या जागी "औषध" होते. पुढल्या पानावर पुन्हा "औषध". मग आत्या थांबली, मान दुसऱ्या बाजूस कलती केली, आणि अक्षर अक्षर लावीत म्हणाली, "पाटल्या जोड एक, गहाण." त्याखाली, "मिरजेस जाण्याचे भाडे, दोन माणसे." त्याखाली, "इस्पितळ."

"आईला नरसोबाच्या वाडीला नवस फेडायला नेलं, असं आम्हाला सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "पाटल्या चोरीला गेल्या म्हणाले."

आम्ही काही बोललो नाही. पुढील पौष, माघ, फाल्गुन यांची पाने एकेक करून लावली. फीची नोंद पुन्हा कोठे नव्हती. पाटल्या सोडवल्याचीही नव्हती. फाल्गुनात एका ठिकाणी शाई फिकी होती आणि कसरीने मधला भाग खाल्ला होता. फक्त "ताईस" एवढे अक्षर आणि पुढे आठ आणे राहिले होते. काय आणले, ते भोकात गेले. आम्ही चित्र मोठे केले, आणखी मोठे केले. भोकाच्या कडेस एका अक्षराचा अर्धा फाटा स्वच्छ दिसत होता. त्यापलीकडे दाखवण्याजोगे कॅमेऱ्याजवळ काही नव्हते.

आत्या बराच वेळ त्या कडेकडे पाहत राहिली.

"पाटी असेल," ती म्हणाली. "नाहीतर पुस्तक. घरी वाचायला."

मग तिने पदराने डोळे पुसले, ज्यांचा वाचण्याला फारसा उपयोग उरला नव्हता ते डोळे, आणि आमच्या कानाकडे पाहत म्हणाली, "थांबलास का? पुढचं पान लाव."